रिठी गावची दवंडी

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि सकाळच्या वर्गांना बसून लोकप्रशासनाचे एम.ए. करत होतो. दुसऱ्या वर्षाला एक प्रबंधिका लिहावी लागे. मी विषय घेतला होता: महसुली नोटीस, नियम आणि अंमल. सरकार एखादी गोष्ट लोकांना कळवते तेव्हा ते नेमके काय करते, एवढाच प्रश्न होता.

प्राध्यापकांचा सल्ला वेगळा होता. "मुलाखती घेऊ नका," ते म्हणाले. "कचेरीतला माणूस तुम्हाला नियम सांगेल आणि गावातला गाऱ्हाणे. एक कागद धरा. तो जिथे जाईल तिथे त्याच्या मागे जा."

मी भंडारा जिल्ह्यातली एक तहसील निवडली. कोणती ते लिहीत नाही. रजा आणि साप्ताहिक सुट्टी जोडून मी महिन्यातले चार-पाच दिवस काढत असे. वरठीला गाडीतून उतरायचे, स्टेशनबाहेर सायकल भाड्याने घ्यायची आणि कचेरी गाठायची. तालुका नवा होता. जुन्या तहसिलीतून आलेले दप्तर अजून गाठोड्यांत होते. प्रत्येक गावाचे एक गाठोडे, लाल फडक्यात बांधलेले. कचेरीत त्याला बस्ता म्हणत.

ज्या साझ्याचे, म्हणजे एका पटवाऱ्याकडच्या गावांच्या गटाचे, काम पाहायचे ठरले, तिथला पटवारी अड्याळकडचा होता. वय चाळिशीचे, तोंडात सुपारी, बोलणे मोकळे. पहिल्याच दिवशी त्याने मला "प्रोफेसर" म्हणायला सुरुवात केली.

"कोनता कागद पकडता, प्रोफेसर?" त्याने कपाटाकडे हात केला. "पाहा, सारेच्या सारे धावून राहिले."

कपाटातल्या कागदांवर धूळ होती. एकच बस्ता स्वच्छ होता. गाठ घट्ट, फडके जवळजवळ नवे. मी तोच उचलला.

"ते रिठी होय," पटवारी म्हणाला. "माह्या साझ्यातलं सर्वांत चांगलं गाव. भांडण नाही, अर्ज नाही, पुढारी नाही. दर महिन्याले निरंक."

ज्या गावात आता वस्ती नाही, पण ज्याची हद्द, नकाशा आणि जमिनीचे क्रमांक सरकारी दप्तरात कायम आहेत, त्याला त्या भागात रिठी म्हणतात. गाव उठले तरी दप्तर उठत नाही. त्या गावाचेही मासिक विवरण जाते. जन्म, मृत्यू, साथीचे रोग, जळीत, गुरांचे नुकसान, तक्रारी. कळवण्यासारखे काही नसले की रकान्यात निरंक लिहायचे. मी विवरणे उलटत गेलो. पटवारी बदलले होते, शाई बदलली होती, शब्द तोच होता. काही वर्षांचे कागद एकदम उलटले की ते एकाच माणसाने एका बैठकीत लिहिल्यासारखे वाटत.

शेवटी एक चालू प्रकरण होते. एका विधवा बाईचा अर्ज. तिचा बाप दोन पावसाळ्यांपूर्वी वारला होता आणि रिठीच्या तलावाखालच्या त्याच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरे, वारसाहक्काने आपल्या नावावर चढवाव्यात, असे तिचे म्हणणे होते. सोबत शेजारच्या ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला. मृत्यूचे ठिकाण: रिठी, राहते घर.

मी त्या महिन्याचे विवरण काढले. मृत्यू: निरंक.

पटवाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. त्याला राग आला नाही. "राहत होता खरा," तो म्हणाला. "एकटाच."

"मग गाव निर्जन कसे?"

"निर्जन आधीच लिहिलं होतं ना जी. एक माणूस राह्यला म्हनून गाव होते काय?"

हकीकत साधी होती. तलावाच्या पलीकडच्या मोठ्या गावात सडक आली, शाळा आली आणि रिठीतली घरे एकेक करून पलीकडे गेली. एक म्हातारा गेला नाही. त्याचे घर आणि त्याच्या बांध्या अलीकडे होत्या. सगळे गेल्यावरही तो दहा-बारा वर्षे तिथे एकटा राहिला. मुलगी सासरहून परत आली, तेव्हा तिने मोठ्या गावात एक छपरी धरली आणि बापाची शेती करू लागली. रोज तलावाची पार, म्हणजे बांध, ओलांडून जायची, त्याला भाकर द्यायची, बांधीत राबायची, संध्याकाळी परत. "चाल माह्यासंग" म्हणायची. तो येत नसे.

आता तिच्याकडे त्या बांध्यांशिवाय काही नव्हते आणि बांध्यांवर तिचे नाव नव्हते. तिचा चुलतभाऊ मोठ्या गावातल्या पानठेल्यावर उघड सांगत होता की जमीन घरच्या पुरुषाची असते, मृग लागला की आपण नांगर घालणार. मृगाच्या आत नाव चढले तर त्याला कायद्याने बांधीत उतरता येणार नव्हते. नाही चढले, तर तिला बाहेर काढायला त्याला एक सकाळ पुरली असती. ती बाई दर आठवड्याला कचेरीत येऊन पायरीवर बसे आणि एकच प्रश्न विचारी, "नाव आलं काय जी?"

वारसाची नोंद करायची तर आधी नोटीस. नोटिशीची प्रत त्या गावात, चावडीवर लावायची. ठरलेल्या मुदतीत कोणाची हरकत आली नाही, तर नोंद प्रमाणित होते. दवंडी द्यावी असे नियमात होते की नव्हते यावर कचेरीत दोन मते होती. रिवाजात मात्र होती. आणि दवंडी दिल्यावर कोतवाल, म्हणजे महसुलाचा गावचा शिपाई, एका छापील अहवालावर अंगठा देई. अहवालाचे पहिले वाक्य छापलेले असे: दवंडीच्या वेळी कोणीही हजर नव्हते / खालील इसम हजर होते. लागू नसेल ते खोडायचे. त्याच्या खाली हरकतीचा रकाना.

"गावात कोणी नाही," मी म्हणालो. "दवंडी ऐकणार कोण?"

"कागदाले ऐकू येते, प्रोफेसर," पटवारी म्हणाला.

मला कागद मिळाला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मागे गेलो.

फाल्गुनाचा शेवट होता. कोतवाल पन्नाशी उलटलेला, काटक माणूस. खांद्याला डफडे, हातात भाताच्या खळीचा गडवा. नोटिसा तो खळीने चिकटवत असे. तलावाच्या पारेखाली सायकल ठेवून आम्ही चालत गेलो. पाणी आटत आले होते. वाटेवर पळस आणि मोहाची पाने घोट्याएवढी पडली होती आणि आमची पावले इतकी वाजत होती की बोलायचे तर थांबावे लागे.

"पटवारी येतात काय कधी?" मी विचारले.

"ते कायले येतील जी? त्यायचं काम कागदावर हाये. गावात माह्यं."

रिठीत घरांची जोती उरली होती. मातीच्या भिंती पावसाने विरघळून कमरेएवढ्या झाल्या होत्या. गुरे जमायच्या आखरावर एक दगडी उखळ जमिनीत रुतलेले होते, आत वाळकी पाने. चावडीचा एक सागवानी खांब उभा होता. त्या खांबाला साधारण छातीच्या उंचीवर एक जाड फुगवटा होता, झाडाच्या गाठीसारखा. जवळ गेल्यावर कळले की तो कागदाचा आहे. वर्षानुवर्षांच्या नोटिसा एकीवर एक. वाळवीने खाल्लेल्या, पावसाने पुठ्ठ्यासारख्या झालेल्या. कोतवालाने वरच्या थरावर हात फिरवला, खळ लावली आणि नवी नोटीस चिकटवली.

माझी समजूत होती की आता तो दोनदा डफडे बडवेल आणि आम्ही परत फिरू. त्याने तसे केले नाही. तो प्रत्येक जोत्यापुढे गेला. तिथे डफडे वाजवले, कचेरीत ऐकून पाठ केलेली नोटीस पूर्ण म्हटली आणि विचारले, "कोनाची हरकत हाये काय?" मग घराकडे पाठ फिरवून उभा राहिला. बऱ्याच वेळाने पुढच्या जोत्याकडे गेला. तिथेही तेच.

तिसऱ्या घरानंतर मी विचारले, "पाठ काहून फिरवता?"

"समोर सरकारचा माणूस उभा असला का लोक संकोचतात जी. पाठ दिली म्हंजे ज्याले बोलाचं असन तो बोलते."

"इथे कोण बोलणार?"

"न बोलो," तो म्हणाला. "आपुन विचारलं पायजे."

मी वहीत लिहिले: कोतवाल, अनेक वर्षे, एकटा, प्रत्येक घर. मी आजवर जे पाहिले होते त्यात नियमाचा हा सर्वांत पूर्ण अंमल होता. याची नोंद कुठेही होणार नव्हती.

सर्वांत शेवटचे घर त्या म्हाताऱ्याचे. त्याच्या भिंती अजून पुरुषभर उंच होत्या, अर्धे छप्पर बसले होते, दाराची चौकट उभी होती. कोतवालाने डफडे वाजवले. नोटीस म्हटली. विचारले. पाठ फिरवली. मीही फिरवली.

आतून कोणीतरी खोकले.

एकदाच. घसा साफ करण्यासारखा, पुरुषाचा, वयस्क. मी ते तेव्हाच घड्याळ पाहून वहीत लिहिले, त्यामुळे मागाहून आठवणीत भर पडली असे म्हणता येणार नाही. अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती.

मी वळून चौकटीतून आत गेलो. एकच खोली होती. दुसरे दार नव्हते. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत वाळकी पाने पसरली होती आणि पहिल्या पावलालाच ती अशी कडकडली की बाहेर कोतवाल दचकला. आत कोणी असते तर हलताना आम्हाला ऐकू आले असते. पाने जशी पडली होती तशीच होती. मी मागच्या बाजूलाही गेलो. तिथेही पाने.

बाहेर आलो तेव्हा कोतवाल तसाच पाठमोरा उभा होता.

"वांदर असेल," मी म्हणालो. वानराचा आवाज खोकल्यासारखा असतो हे मी वाचले होते.

"वांदर खोकलते तर खोकलतच राहते जी. हे एकदाच होतं." तो पाठमोराच पुढे म्हणाला, "ते जित्ते होते तवाबी असंच करत. मी दवंडी देल्ली का आतून एकदा खोकलत. ऐकलं म्हनून. काही बोलाचं असलं तर मंग बाहेर येत."

"आज?"

"वाट पाहून राहिलो ना."

आम्ही पंचवीस मिनिटे उभे राहिलो. कोणी बाहेर आले नाही.

कचेरीत पटवाऱ्याने छापील अहवाल पुढे सरकवला आणि शाईची डबी उघडली. कोतवालाने अंगठा दिला नाही.

"कोनी हजर नव्हतं, हे मी कसं सांगू जी?"

"मंग कोन होतं? नाव सांग, लिहितो."

"ते मले दिसलं नाही."

"दिसलं नाही म्हंजे नव्हतं."

"ऐकू आलं ना जी."

पटवारी माझ्याकडे वळला. "प्रोफेसर, सांगा याले. वीस वर्षं झाले हा मानूस अंगठा देऊन राहिला. आजच याले कायदा सुचला."

"कोनी नव्हतं तवा मी तसा देल्ला," कोतवाल म्हणाला. "म्हातारा होता तवा 'हजर होते' असा देल्ला. तुमच्या आधीच्या पटवाऱ्यानं ते बदललं. ते माह्या हातचं नाही."

पटवाऱ्याने बस्ता पुन्हा सोडला. ते खरे होते. दहा-बारा वर्षांच्या अहवालांवर "कोणीही हजर नव्हते" हे शब्द खोडलेले होते आणि त्या खोडण्यावर दुसऱ्या शाईने पुन्हा तेच शब्द लिहिलेले होते. प्रत्येक वर्षी, जिवंत माणसावर.

त्या वेळी बाई दाराशी उभी होती. ती कधी आली ते आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते.

"काय झालं काकाजी?" तिने कोतवालाला विचारले.

त्याने सांगितले. काही वाढवले नाही. ती घाबरली नाही. तिने विचारले, "एकदाच खोकलला?"

"एकदाच."

"बाहेर नाही आला?"

"नाही वो बाई."

ती खाली बसली. म्हणाली, "मंग नाव नाही चढत काय?"

पटवाऱ्याने मला बाजूला घेऊन अडचण सांगितली. कोतवालाच्या अंगठ्याशिवाय अहवाल पुरा होत नव्हता. दुसऱ्याचा अंगठा लावणे त्याला अशक्य नव्हते, पण साक्षीला एक वर्तमानपत्रवाला होता. म्हणून त्याने नियमाने जे करायचे ते केले. हजर कोण होते त्याचे नाव नसल्यामुळे त्याची हरकत नव्हती असेही लिहिता येत नव्हते, आणि तोंडी हरकत आली तरी ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहावी लागते. त्याने लिहिले: हरकतदार, नाव समजले नाही, रा. रिठी. हरकतीचे स्वरूप: खोकला. मग तो शब्द खोडून त्याने "अस्पष्ट" असे लिहिले.

बातमी मोठ्या गावात पोचायला वेळ लागला नाही. चुलतभाऊ अर्ज देईल, असे सगळ्यांना वाटत होते. त्याने दिला नाही. पानठेल्यावर तो हसून म्हणाला, "काकाच नाही म्हनून राहिला, मी कायले कागद खराब करू?"

प्रकरण नायब तहसीलदारांकडे गेले. ते कमी बोलणारे, नियमाबाहेर न जाणारे गृहस्थ होते. हरकतदार असेल तर त्याला सुनावणीची नोटीस गेलीच पाहिजे, असे त्यांनी सांगितले. नोटीस निघाली. कोतवालाने ती म्हाताऱ्याच्या चौकटीवर लावली. तिसऱ्या दिवशी तो पाहायला गेला. चौकटीवर कागद नव्हता. खळीचा डागही नव्हता, लाकूड चाटूनपुसून स्वच्छ होते. भाताची खळ गुरे चाटतात हे मला माहीत आहे. त्या दिवसांत रिठीकडे गुरे जात नव्हती, असे गुराखी सांगत. दोन्ही गोष्टी मी लिहून ठेवल्या. कोतवालाने आपल्या परीने अहवाल दिला: नोटीस लावली, तिसऱ्या दिवशी नव्हती.

नायब तहसीलदारांनी तो वाचला. "म्हणजे बजावणी झाली," ते म्हणाले. त्यात विनोद नव्हता. नियमाचा तोच अर्थ होता.

वैशाखात सुनावणी झाली. दुपार होती. शिपायाने दारात उभे राहून हरकतदाराचा पुकारा केला. नाव नसल्यामुळे त्याने "रिठीवाले" असे पुकारले. पहिल्या पुकाऱ्याला व्हरांड्यातले लोक हसले. दुसऱ्याला हसणे कमी झाले. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर शिपाई नेहमीप्रमाणे लगेच आत आला नाही. तो दारात थोडा बाजूला सरकून उभा राहिला, एक माणूस जाईल एवढी वाट सोडून. असे का केले, हे त्याला मागाहून सांगता आले नाही.

कोतवालाने जबाब दिला. मग नायब तहसीलदारांनी मला विचारले, "तुम्ही शिकलेले आहात. वृत्तपत्रात काम करता. तुम्ही काय ऐकलेत?"

बातमीत खात्री नसली की आम्ही "समजते" असे लिहीत असू. तो शब्द इथे चालणार नव्हता. "वानर असावे" म्हटले असते तर बाईचे नाव त्याच दिवशी चढले असते. ती समोर बसली होती. तिची नजर माझ्यावर नव्हती, दारावर होती. कोतवाल माझ्याकडे पाहत होता.

"एक खोकला ऐकला," मी म्हणालो. "माणसाचा. आत गेलो. आत कोणी नव्हते."

ते त्यांनी जसेच्या तसे लिहून घेतले. मग बाईला विचारले, तुझे काय म्हणणे आहे.

ती उभी राहिली. "सायेब, बापानं जमीन कोनाची ते कवा सांगतलं नाही. मीबी इचारलं नाही. रोज भाकर नेत होतो, तो खात होता, मी येत होतो. आता तो काही सांगून राहिला असन तर मले जाऊ द्या. मीच इचारतो."

"आणि त्याने नाही म्हटले तर?"

"तर नाही चढवाचं," ती म्हणाली.

मला वाटते, त्या खोलीत त्या क्षणी नियम कोणालाच सुचत नव्हता. नायब तहसीलदारांनी लेखणी उचलली आणि आदेश लिहिला: अर्जदाराच्या समक्ष फेरदवंडी द्यावी, पटवाऱ्याने जातीने हजर राहावे. लोकप्रशासनाच्या कुठल्याही पुस्तकात अशा आदेशाला नाव नाही. तो बेकायदाही नव्हता.

मृगाला आठवडा राहिला होता, तेव्हा आम्ही चौघे गेलो. ज्येष्ठातली भर दुपार. पाखरूही बोलत नव्हते. पटवारी आपल्या साझ्यातल्या या गावात पहिल्यांदा पाय ठेवत होता. चावडीच्या खांबाजवळ तो थांबला, कागदाच्या त्या फुगवट्यात नख घालून एक थर उचलला, खाली त्याचीच सही दिसली. त्याने तो थर परत दाबून बसवला.

कोतवालाने पुन्हा प्रत्येक जोत्यापुढे दवंडी दिली. पटवारी म्हणाला नाही की एका घरी पुरे. शेवटच्या घरापाशी कोतवालाने नोटीस म्हटली, विचारले आणि पाठ फिरवली. मी फिरवली. पटवाऱ्यानेही फिरवली.

बाईने फिरवली नाही. तिने डोक्यावर पदर घेतला, चौकटीत वाकली आणि आत गेली. पाने वाजली. मग वाजायची थांबली. ती बसली असावी.

या वेळी खोकला आला नाही. मला आठवते ती शांतताच. पहिल्या वेळी आवाज आला तेव्हा भीती वाटली नव्हती, कारण आवाज तपासता येतो. ही शांतता तपासता येत नव्हती. पटवाऱ्याच्या मानेवरून घामाचा ओघळ चालला होता आणि तो पुसत नव्हता.

"बाई," कोतवाल मागे न वळता म्हणाला, "काही हाये काय?"

"हाये काकाजी," आतून आवाज आला. "बसला हाये."

कोतवालाने तसेच पाठमोरे राहून विचारले,

"इचारलं काय?"

"इचारून राहिलो."

मग तिचा हळू आवाज येऊ लागला. शब्द कळत नव्हते. ती बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. एकदा ती म्हणाली, "नाही बा," हे स्पष्ट ऐकू आले, आणि पुढे, "तो काय करन, मी हाये ना."

"लिहा जी," ती आतून म्हणाली. "हरकत नाही."

पटवाऱ्याने गुडघ्यावर अहवाल ठेवला. "कोणीही हजर नव्हते" या छापील शब्दांवर त्याची लेखणी थांबली. कोतवाल त्याच्याकडे पाहत होता. पटवाऱ्याने ते शब्द खोडले. दुसऱ्या पर्यायात इसमाचे नाव लिहायला जागा असते. त्याने मृताचे पूर्ण नाव लिहिले, खाली हरकतीच्या रकान्यात "नाही" लिहिले आणि कागद कोतवालापुढे धरला. कोतवालाने अंगठा दिला. पंच म्हणून मी सही केली. माझ्या आयुष्यात मी केलेल्या सह्यांपैकी त्या एका सहीबद्दल मला आजही खरे-खोटे ठरवता येत नाही.

"चाल वो बाई," कोतवालाने हाक मारली.

"तुम्ही चला काकाजी. मी मांगून येतो."

आम्ही पारेवर चढलो. पारेवरूनही तिचा आवाज येत होता. आता ती बांधीच्या कडेच्या धुऱ्याबद्दल बोलत होती, कोणत्या कोपऱ्यातून पाणी फुटते त्याबद्दल, बैलाच्या खुराबद्दल. मध्ये मध्ये थांबत होती, समोरच्याचे ऐकताना माणूस थांबतो तेवढीच. पटवारी मागे वळून पाहणार होता. कोतवालाने त्याचा दंड धरला.

"चला जी. घरातली गोठ हाये. सरकारनं ऐकू नये."

नोंद मृगाच्या चार दिवस आधी प्रमाणित झाली. प्रबंधिकेतून मी हे प्रकरण वगळले. प्राध्यापकांना सांगितले, ते म्हणाले, अहवालाच्या प्रती जोडा, निष्कर्ष काढू नका. मी तेही केले नाही.

मृगाच्या दिवशी मी तिथे नव्हतो. पुढचे कोतवालाने सांगितलेले आहे. चुलतभाऊ सकाळीच नांगर घेऊन धुऱ्यावर आला होता. बाई खालच्या बांधीत धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकत होती. तिने त्याला अडवले नाही, कागद दाखवला नाही, वर पाहिलेही नाही. तो धुऱ्यावर उभा राहिला. मग त्याने पायातल्या चपला काढल्या, खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला, वडीलधाऱ्यासमोर घेतात तसा, आणि बैल मागे वळवले.